विमानतळ कळला, विमान कुठे आहे? : ‘इतिहास आणि सुविधा’ या प्रकरणाची चिकित्सा

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचा कच्चा मसुदा मॅडमनी परत दिला, तेव्हा बेचाळीस पानांवर कुठेही लाल रेघ नव्हती. मी खूश झालो. मग शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ दिसली: ‘विमानतळ कुठे आहे ते कळलं. विमान कुठे आहे?’

प्रकरणाचं नाव होतं ‘मराठवाड्यातील विमानतळ : इतिहास आणि सुविधा’. मी शहागडचा. अंबड तालुका, जालना जिल्हा, गोदावरीचा काठ. पूल ओलांडला की बीड जिल्हा सुरू होतो. आमच्या गावावरून सोलापूर-धुळे महामार्ग जातो आणि सगळ्यात जवळचा विमानतळ सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, चिकलठाण्याला. विषय निवडताना माझ्या डोक्यात साधा प्रश्न होता: या विमानतळांचा आमच्यासारख्या गावाला नेमका काय उपयोग? बेचाळीस पानं लिहून झाली आणि त्या प्रश्नाला मी हातही लावला नव्हता. धावपट्टीची लांबी मात्र मी तीन ठिकाणी दिली होती.

पेट पास होऊन संशोधन आराखडा लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींसाठी आज हे लिहितोय. ‘अमुक संस्थेचा इतिहास आणि सुविधा’ हे प्रकरण आपल्याकडे इतकं रुळलेलं आहे की ते कुणी तपासतच नाही. बाजार समिती असो, ग्रामीण रुग्णालय असो, साखर कारखाना असो, साचा तोच. म्हणून या साच्याचीच चिकित्सा करू. उदाहरण विमानतळाचं घेऊ, कारण तिथे साच्याची फट सगळ्यात स्पष्ट दिसते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: सुविधांचा तक्ता खोटा नसतो, पण आपण त्याला जो प्रश्न विचारतो त्याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. आणि उत्तर नसलेल्या ठिकाणी आपण मोठमोठे आकडे भरतो.

तक्त्यात काय असतं

छोट्या विमानतळाची माहिती कुठेही काढा, एकच क्रम सापडेल. स्थापना, मालकी, धावपट्टीची लांबी-रुंदी, ॲप्रनवर किती विमानं उभी राहतात, टर्मिनलचं क्षेत्रफळ, गर्दीच्या तासाला किती प्रवासी सामावतात, वाहनतळ, अग्निशमन, रात्री उतरण्याची सोय. नंतर ‘इतिहास’ म्हणून भूमिपूजन, उद्घाटन, विस्तार आणि नामकरण.

यातली प्रत्येक नोंद क्षमतेची आहे. ‘होऊ शकतं’ अशा जातीची. ती ‘होतं’ या जातीची नाही. दोन्हींत फरक काय, हे धावपट्टीच्याच आकड्यावर पाहू.

चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंच आहे. हवा जितकी गरम आणि ठिकाण जितकं उंच, तितकी हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी पडतो, म्हणून विमानाला जास्त धावावं लागतं. धावपट्टी आखताना वापरायचा आंतरराष्ट्रीय ठोकताळा असा: दर ३०० मीटर उंचीला ७ टक्के लांबी वाढवा, आणि त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा जितके अंश जास्त तितके टक्के आणखी वाढवा. आता हिशोब करा. ५८० मीटरला साधारण साडेतेरा टक्के. त्या उंचीचं प्रमाण तापमान ११ अंशांच्या आसपास. आपला उन्हाळा ४० अंश धरला तर फरक २९ अंश, म्हणजे २९ टक्के. दोन्ही गुणले की जवळपास ४६ टक्के वाढ. समुद्रकिनारी थंड हवेत ज्या विमानाला १५०० मीटर पुरतात, त्याला इथे भर उन्हाळ्यात जवळपास २२०० मीटर लागतील. (एकूण वाढ ३५ टक्क्यांच्या वर गेली तर ठोकताळ्यावर विसंबू नका, स्वतंत्र अभ्यास करा, असंही तेच नियम सांगतात. म्हणजे मराठवाड्याचा उन्हाळा ठोकताळ्यातही मावत नाही.)

म्हणून ‘धावपट्टी २३०० मीटर’ हे वाक्य एकटं अर्धवट आहे. कोणत्या विमानासाठी, किती भार घेऊन, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, हे जोडल्याशिवाय त्याचा अर्थ पूर्ण होत नाही.

अग्निशमनाचंही तसंच. ‘अग्निशमन सुविधा उपलब्ध’ असं आपण लिहितो. पण विमानतळाची अग्निशमन श्रेणी तिथे येणाऱ्या विमानाच्या लांबी-रुंदीवर ठरते. एटीआर-७२ सारख्या पंख्याच्या विमानाला पाचवी श्रेणी लागते, एअरबस ए-३२० ला सहावी. त्यामुळे बंब उभा आहे एवढ्याने काही सिद्ध होत नाही. श्रेणी कितवी आणि त्या श्रेणीइतकी माणसं कोणत्या तासांत कामावर असतात, हा खरा प्रश्न.

परवान्याचंही तेच. डीजीसीएचा परवाना ‘सार्वजनिक वापर’ की ‘खासगी वापर’? उड्डाणं फक्त दिवसा आणि डोळ्यांना दिसेल तेव्हाच, की उपकरणांच्या आधारेही? शिर्डीचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. काकडीचा तो विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाला, नवाकोरा. नोव्हेंबर २०१९ मध्ये दृश्यमानता कमी झाली आणि तिथली उड्डाणं काही आठवडे बंद पडली. इमारत तीच, धावपट्टी तीच, प्रवासीही तेच. तक्त्यातली एकही नोंद बदलली नव्हती आणि विमान येत नव्हतं.

नांदेड : इतिहासातल्या मोकळ्या जागा

आता ‘इतिहास’ या भागाकडे वळू. नांदेडचा श्री गुरु गोबिंद सिंगजी विमानतळ घ्या. माझ्या मसुद्यात त्याचा इतिहास चार तारखांत होता. २००८ मध्ये गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने मोठं नूतनीकरण झालं. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद हे पाच विमानतळ दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने खासगी कंपनीकडे गेले. २७ एप्रिल २०१७ ला ‘उडान’ योजनेच्या पहिल्याच दिवशी नांदेड-हैदराबाद विमान निघालं. त्याच दिवशी शिमला-दिल्ली आणि कडप्पा-हैदराबाद या मार्गांनाही सुरुवात झाली. आणि २०२४ मध्ये स्टार एअरने नांदेडहून सेवा सुरू केली.

चारही नोंदी बरोबर आहेत. तरी हा इतिहास म्हणता येत नाही, कारण यात फक्त सुरुवाती आहेत. सुरू झालेली गोष्ट बंद कधी झाली, का झाली, ते कुठेच नाही. २०१७ ला नांदेड-हैदराबाद विमान उडवणाऱ्या ट्रूजेटने २०२२ च्या सुरुवातीला आपली उड्डाणंच थांबवली. ही नोंद माझ्या मसुद्यात का नव्हती? कारण बंद पडण्याचा समारंभ होत नाही. फीत कापायला पाहुणे येतात, वर्तमानपत्रात फोटो येतो, कोनशिला बसते. शेवटचं विमान गेलं त्या दिवसाची कोनशिला कुणी बसवत नाही. आपण कोनशिला वाचत गेलो की आपोआप प्रगतीचा इतिहास तयार होतो. माझा तसाच झाला होता. त्यात माझा काही हेतू नव्हता, साधनांनीच मला तिकडे नेलं.

संशोधन करणाऱ्याने हे पक्कं लक्षात ठेवावं: साधन काय सांगतं ते तर पाहायचंच, पण ते साधन तयार कुणी केलं आणि कोणत्या प्रसंगी केलं, तेही पाहायचं. प्रसंग उद्घाटनाचा असेल तर त्यात समाप्ती सापडणार नाही.

नावांचा मुद्दाही इथेच सांगतो, कारण माझे दोन महिने त्यात गेले. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. आमच्या गावावरून जाणारा २११ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आता ५२ क्रमांकाचा आहे. १९८६ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण १ एप्रिल १९९५ ला आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणासोबत विलीन होऊन आजचं भारतीय विमानतळ प्राधिकरण झालं. नुसत्या नव्या नावाने शोधलंत तर जुनी कागदपत्रं हाती लागत नाहीत, आणि संस्थेला मागचं काहीच नाही असं वाटायला लागतं.

२६ एप्रिल १९९३ : रस्ता दिसला तो चौकशीत

चिकलठाणा विमानतळाबद्दल मी बऱ्याच गोष्टी वाचल्या. त्यातला सगळ्यात उपयोगी कागद सुविधांच्या यादीचा नव्हता. तो एका अपघाताच्या चौकशीचा निष्कर्ष होता.

२६ एप्रिल १९९३. इंडियन एअरलाइन्सचं ४९१ क्रमांकाचं बोइंग ७३७ दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत औरंगाबादला आलं होतं आणि दुपारी मुंबईकडे निघालं. विमानात ११८ माणसं होती. धावपट्टीच्या अगदी शेवटाला विमान जमिनीवरून उचललं गेलं. पलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचं डावं चाक आणि इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकला धडकला. पुढे विमान उच्च दाबाच्या विजेच्या तारांना लागून कोसळलं. ५५ माणसं गेली, ६३ वाचली.

चौकशीने दोन कारणं नोंदवली. पहिलं, वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं. दुसरं, उड्डाणाच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरलं.

दुसरं कारण वाचलं आणि मी थांबलो. बीड रस्ता! शहागडहून औरंगाबादला जाताना ज्या रस्त्याचं नाव आम्ही घेतो, तोच. माझ्या बेचाळीस पानांत विमानतळाला कुंपण होतं आणि कुंपणाच्या आत सुविधा होत्या. रस्ता कुठेच नव्हता. फार तर ‘शहरापासून अंतर’ या रकान्यात तो एका आकड्यापुरता आला होता. चौकशीने मात्र विमानतळाची हद्द वेगळी आखली. तिच्या दृष्टीने त्या दुपारी विमानतळात धावपट्टी होती, वैमानिकाचा हात होता, पलीकडचा रस्ता होता, कापूस भरून निघालेला ट्रक होता, विजेच्या तारा होत्या, आणि त्या वेळेपुरती वाहतूक थांबवण्याची जबाबदारी असलेलं एक कार्यालयही होतं. यातल्या सगळ्या गोष्टी एका मिनिटात एकमेकींशी जुळायला हव्या होत्या. त्या जुळल्या नाहीत.

समीक्षक म्हणून माझा कौल इथे स्पष्ट आहे. विमानतळ म्हणजे काय याची सगळ्यात नेमकी व्याख्या मला या निष्कर्षात मिळाली. विमानतळ ही वस्तू नाही, वेळ पाळून चालणारं काम आहे. वस्तूंची यादी करता येते. कामाची यादी करून भागत नाही, ते कोण, केव्हा, कुणावर अवलंबून राहून करतं हे लिहावं लागतं.

इथे एक सावधगिरी हवी. अपघाताची चौकशी ही जबाबदारी ठरवण्यासाठी असते. ती बिघडलेल्या एका दिवसाकडे पाहते, सुरळीत गेलेल्या हजारो दिवसांकडे पाहत नाही. त्यामुळे एकाच अपघातावरून ‘हा विमानतळ असाच’ असा निष्कर्ष काढणं चूक. आज तिथलं टर्मिनल २००९ चं आहे, १९९३ ची परिस्थिती आजची म्हणून मांडता येणार नाही. चौकशीकडून आपण निष्कर्ष उचलायचा नसतो, पाहण्याची रीत उचलायची असते.

कॅगचा अहवाल : एक ५४, तीन टक्केवाऱ्या

तिसरा कागद म्हणजे उडान योजनेवरचा कॅगचा अहवाल, ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेला. आधी योजना थोडक्यात समजून घ्या. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणानंतर ती आली. साधारण एक तासाच्या प्रवासाला २,५०० रुपयांच्या आसपास भाड्याची मर्यादा, पण ती विमानातल्या ठरावीक जागांपुरती. त्या जागांवर कंपनीला येणारी तूट भरून द्यायची, तीही तीन वर्षं. त्या काळात मार्ग त्या कंपनीचाच. तुटीतला २० टक्के वाटा आपल्यासारख्या राज्यांचा. बाकीचा पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून उभा करायचा. म्हणजे मुंबई-दिल्लीच्या प्रवाशाने नांदेडच्या प्रवाशाला हात द्यायचा. कल्पना चांगली आहे, याबद्दल माझा वाद नाही.

कॅगने मोजलं ते असं. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झाले ३७१. त्यातल्या ११२ मार्गांनी तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण केली. आणि सवलत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकलेले मार्ग होते ५४.

आता खरी गंमत बघा. ५४ हा आकडा ७७४ शी ताडला तर ७ टक्के होतो. ३७१ शी ताडला तर साडेचौदा टक्के. ११२ शी ताडला तर ४८ टक्के. तिन्ही टक्केवाऱ्या खऱ्या. ज्याला योजना फसली म्हणायचं तो पहिली घेईल, ज्याला यशस्वी म्हणायचं तो तिसरी घेईल. तुम्ही प्रबंधात टक्केवारी लिहाल तेव्हा छेद कोणता घेतला आणि का घेतला, हे त्याच वाक्यात लिहा. मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येतो.

माझ्या मते छेद प्रश्नावरून ठरतो. ‘मार्ग वाटताना सरकारने नीट पारख केली का?’ या प्रश्नाला ७७४ चा छेद. ‘सवलतीच्या काळात प्रवाशांची सवय जडली का?’ याला ११२ चा. प्रश्न न सांगता दिलेली टक्केवारी म्हणजे वजन न सांगता सांगितलेला भाव.

सुविधांच्या तक्त्यापेक्षा हा अहवाल फार पुढचा आहे, कारण तो ‘सुरू झालं का’ आणि ‘टिकलं का’ असे क्रियापदांचे प्रश्न विचारतो. पण त्याचीही मर्यादा आहे. त्याचं मोजमापाचं एकक मार्ग आहे. मार्ग टिकला की नाही एवढंच त्यातून कळतं, का टिकला नाही हे प्रत्येक मार्गाच्या वेगळ्या अभ्यासातूनच कळेल. नांदेड-हैदराबादचंच पाहा. २७ एप्रिल २०१७ पासून तीन वर्षं मोजली तर मुदत एप्रिल २०२० च्या अखेरीस संपते. आणि टाळेबंदीमुळे २५ मार्च ते २४ मे २०२० या काळात देशात नियमित देशांतर्गत प्रवासी विमानसेवाच बंद होती. अशा मार्गाचा हिशोब कसा करायचा? मुदत पूर्ण धरायची, अपूर्ण धरायची, की बाहेर ठेवायचा? कुठलाही निर्णय घ्या, पण घेतल्याचं लिहा. नाहीतर एका महामारीचा परिणाम तुम्ही एका विमानतळाच्या माथी मारून बसाल.

आणि शहागडहून पाहिलं तर?

तीनही कागद वाचून झाल्यावर मी माझ्या मूळ प्रश्नाकडे आलो. आमच्या गावाला उपयोग काय?

साच्यातलं उत्तर तयार असतं: विमानतळाभोवती शंभर किलोमीटरचं वर्तुळ काढा, आतली लोकसंख्या मोजा आणि लिहा, ‘इतक्या लाख लोकांना लाभ’. माझ्या मसुद्यात हे वर्तुळ होतं, निळ्या रंगात. शहागड त्याच्या आत. म्हणजे कागदावर आम्ही लाभार्थी.

धोरणातही असं अंतर काम करतं. २००८ च्या धोरणानुसार अस्तित्वात असलेल्या नागरी विमानतळापासून १५० किलोमीटरच्या आत नवा विमानतळ करायचा तर सहज परवानगी नाही, जुन्यावर काय परिणाम होईल ते तपासावं लागतं. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण अंतर हे पोहोचण्याचं माप नाही. पोहोचायला वेळ लागतो, पैसे लागतात आणि दुसऱ्या टोकाला काम असावं लागतं.

एक साधा प्रयोग करा. आपल्या गावाहून मुंबईला जायचंय असं धरा आणि वेळेचा तक्ता मांडा. घरून फाट्यापर्यंत. फाट्यावर गाडीची वाट. विमानतळापर्यंत रस्ता, दीड तास तरी. उड्डाणाआधी दोन तास. हवेत तासभर. उतरल्यावर सामान आणि मग मुंबईत जिथे काम आहे तिथवर. आता याच्या शेजारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सचा रकाना मांडा. जेवून फाट्यावर यायचं, गाडीत झोपायचं, सकाळी उतरायचं. विमानात वेळ नक्कीच वाचतो. पण वाचतो तो दिवसाचा की रात्रीचा? ज्याला मंत्रालयात सकाळी अकराला हजर राहायचंय आणि विमान दुपारचं आहे, त्याला आदल्या दिवशी निघून मुक्काम करावा लागेल. मग ती सोय कुणाची?

माझ्या ओळखीत विमानाने गेलेली माणसं आहेत. पण त्यातले बरेचजण पुण्याहून, मुंबईहून किंवा हैदराबादहून बसले, कारण तिथून वेळा जास्त आणि एक विमान चुकलं तर दुसरं मिळतं. ही माझी आकडेवारी नाही, चार घरच्या गप्पा आहेत, आणि गप्पांवर प्रबंध उभा राहत नाही. पण गप्पांवरून प्रश्न उभा राहतो: निळ्या वर्तुळाच्या आतली माणसं वर्तुळाच्या मध्यावर न जाता भलतीकडे का जातात? हा प्रश्न तक्त्यातून कधीच निघाला नसता.

तक्त्याच्या बाजूने दोन शब्द

एवढी टीका केल्यावर न्यायाची गोष्टही सांगायला हवी. सुविधांचा तक्ता टाकाऊ नाही. तो नसता तर चिकलठाण्याची उंची कुठून घेतली असती आणि ४६ टक्क्यांचा हिशोब कसा केला असता? तक्ता करणाऱ्याने ‘यावरून लोकांचा लाभ मोजा’ असं कुठेही म्हटलेलं नाही. तो वैमानिकासाठी, अभियंत्यासाठी केलेला असतो आणि त्यांना तो पुरतो. त्याला समाजशास्त्राचं किंवा भूगोलाचं उत्तर समजलो, ती चूक माझी.

आणि आपल्यापैकी बरेचजण साच्यात का लिहितात हेही मला कळतं. आराखड्याची मुदत असते, प्रगती अहवाल द्यायचा असतो, ग्रंथालयात बसून होण्यासारखं प्रकरण हेच असतं. गावाकडून आलेल्या, पाठ्यवृत्तीची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याला फिल्डवर्कचा खर्च परवडत नाही. पण खाली सांगतो त्यातलं बरंच काही विनाखर्च होतं.

मग करायचं काय

एक: प्रत्येक सुविधेपुढे चार रकाने जोडा. आहे का? चालू आहे का? कोणत्या वेळेत? कुणी वापरली? बऱ्याच ओळींत तिसऱ्या-चौथ्या रकान्यात काही भरता येणार नाही. ती रिकामी जागा म्हणजेच तुमचं संशोधन.

दोन: सुरुवातीच्या प्रत्येक तारखेला समाप्तीची तारीख शोधा. विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मागच्या हंगामात असलेली आणि या हंगामात नसलेली सेवा शोधली की समाप्ती सापडते.

तीन: मंजूर आणि प्रत्यक्ष वेगळं ठेवा. वेळापत्रक मंजुरी सांगतं. भारतीय विमानतळ प्राधिकरण दर महिन्याला विमानतळनिहाय प्रवाशांची आणि विमानांच्या ये-जा संख्येची आकडेवारी प्रसिद्ध करतं. दोन्ही शेजारी मांडा. प्रवाशांना ये-जा संख्येने भागलं की सरासरी एका विमानात किती माणसं होती याचा अंदाज येतो. हे गणित पाचवीचं आहे, पण बऱ्याच प्रबंधांत नसतं.

चार: जुनी नावं, जुने जिल्हे, जुने रस्ता क्रमांक यांची यादी पहिल्याच आठवड्यात करा. जालना जिल्हाच १ मे १९८१ चा आहे. त्याआधीचं शहागड औरंगाबाद जिल्ह्याच्या कागदांत शोधावं लागतं.

पाच: संस्थेच्या कुंपणाबाहेर उभं राहून एक पान लिहा. बाजार समिती असेल तर तिथवर न पोहोचलेल्या शेतकऱ्याच्या बांधावरून. रुग्णालय असेल तर ज्या वस्तीवरून रात्री गाडी मिळत नाही तिथून.

माझं प्रकरण मी पुन्हा लिहिलं. बेचाळीसची एकोणीस पानं झाली. धावपट्टीची लांबी आता एकदाच येते, महिना आणि वेळ जोडून. निळं वर्तुळ काढून टाकलं आणि त्या जागी वेळेचा तक्ता घातला, त्याची पहिली ओळ शहागड फाट्यापासून सुरू होते. १९९३ चा बीड रस्ता आता प्रकरणाच्या पहिल्या पानावर आहे.

मॅडमनी या वेळी बऱ्याच लाल रेघा मारल्यात. शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय: ‘आता भांडता येईल.’